चुंबकाने वळणारा प्रकाश: थरांच्या फोटॉनिक स्फटिकाचा आराखडा कसा करावा

लेझरमधून निघालेला प्रकाश पुढच्या एखाद्या पृष्ठभागावर आपटून लेझरच्या तोंडाशी परत आला, की लेझर अस्थिर होतो. म्हणून त्याच्यासमोर असा दरवाजा बसवावा लागतो, ज्यातून प्रकाश बाहेर जाऊ शकेल पण आत येऊ शकणार नाही. या दरवाजाच्या मुळाशी मायकेल फॅरडे यांनी १८४५ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये पाहिलेला परिणाम आहे. शिसेयुक्त जड काच चुंबकीय क्षेत्रात ठेवून क्षेत्राच्या दिशेने ध्रुवित प्रकाश पाठवला, तर त्याचे ध्रुवणप्रतल, म्हणजे तो ज्या प्रतलात कंप पावतो ते, वळते.

ध्रुवणप्रतल साखरेच्या द्रावणातही वळते. महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांच्या प्रयोगशाळेत उसाच्या रसाचे पोल, म्हणजे त्यातल्या साखरेचे प्रमाण, काढतात ते याच गुणावर. परंतु या दोन वलनांत एक मूलभूत फरक आहे. साखरेच्या द्रावणातून गेलेला प्रकाश आरशावरून त्याच वाटेने परत पाठवला, तर जाताना झालेले वलन येताना पुसले जाते. फॅरडे वलनाची दिशा प्रकाशाच्या प्रवासावर नव्हे, तर चुंबकीय क्षेत्रावर ठरते, त्यामुळे परतीच्या वाटेवर ते दुप्पट होते. जाताना ४५ अंश आणि येताना आणखी ४५ अंश मिळून ९० अंश झाले, की सुरुवातीचा पोलरायझर, म्हणजे एकाच प्रतलातला प्रकाश जाऊ देणारी चकती, त्या प्रकाशाला अडवतो.

अडचण जाडीची आहे. यट्रियम आयर्न गार्नेट, ज्याला या क्षेत्रातले लोक नुसते 'यिग' म्हणतात, त्यातून १५५० नॅनोमीटरच्या प्रकाशाला ४५ अंश वळवायला अडीच मिलिमीटरच्या आसपास जाडी लागते. सीरियम मिसळलेल्या यिगचे वलन चांगल्या फिल्ममध्ये सेंटिमीटरला ४५०० अंशांपर्यंत जाते, तरीही १०० मायक्रॉन लागतातच, आणि स्पटरिंगने, म्हणजे निर्वातात आयनांचा मारा करून पदार्थाची पातळ फिल्म चढवण्याच्या पद्धतीने, चढवायला ही जाडी फार झाली. यावर तोड म्हणजे प्रकाशालाच त्या पातळ थरातून पुन्हापुन्हा फिरायला लावणे. वर पाहिल्याप्रमाणे फॅरडे वलन प्रत्येक फेरीत साठत जाते, पुसले जात नाही. एली याब्लोनोविच आणि सजीव जॉन यांनी १९८७ मध्ये फोटॉनिक स्फटिकाची, म्हणजे वेगवेगळ्या अपवर्तनांकांचे पदार्थ ठरावीक अंतराने रचून काही तरंगलांबींचा प्रकाश अडवणाऱ्या रचनेची, कल्पना मांडली होती. जपानच्या तोयोहाशी तंत्रविद्यापीठातल्या मित्सुतेरू इनोउए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस चुंबकीय थर घातलेल्या एकमितीय फोटॉनिक स्फटिकांवरचे काम प्रसिद्ध केले. अशा स्फटिकाचा आराखडा कागदावर कसा करायचा आणि तो भट्टीतून सुखरूप कसा बाहेर काढायचा, हे पुढे एका उदाहरणावरून दाखवले आहे.

आधी दोन अंक मागा, एक नव्हे

नवशिक्यांची सर्वांत सामान्य चूक म्हणजे वलन किती मिळाले एवढेच पाहणे. अनुनादी रचनेत, म्हणजे जिच्यात प्रकाश आतल्या आत फेऱ्या मारतो तिच्यात, वलन बरेच वाढवता येते, आणि ते वाढताना पारगमन, म्हणजे पलीकडे जाणाऱ्या प्रकाशाचे प्रमाण, गुपचूप कोसळू शकते. म्हणून आराखड्याच्या पहिल्याच पानावर तरंगलांबी, वलन, किमान पारगमन आणि किती रुंदीच्या पट्ट्यात हे सगळे टिकले पाहिजे, असे चार अंक लिहून ठेवावेत. त्यांतले वलन आणि पारगमन कायम एकाच आलेखावर काढावेत. ही सवय लावून घेतली, तर पुढचे निम्मे गैरसमज टळतात.

आपल्या उदाहरणासाठी तरंगलांबी १५५० नॅनोमीटर आणि प्रकाश पृष्ठभागावर काटकोनात पडणारा घेऊ. चुंबकीय क्षेत्रही त्याच दिशेने, म्हणजे थरांना लंब असेल.

पदार्थ आणि त्यांचे अंक

आरशांसाठी सिलिका आणि टँटलम पेंटॉक्साइड ही जोडी घेऊ. सिलिकाचा अपवर्तनांक १.४४४ आणि टँटलम पेंटॉक्साइडचा २.०८ धरला आहे. टायटॅनियम डायऑक्साइडचा अपवर्तनांक याहून जास्त असल्याने कमी जोड्यांत काम भागते आणि तो मोह होतोच, पण गार्नेटला लागणाऱ्या तापमानात त्याची स्फटिकरचना बदलते आणि थर खरबरीत होतो. टँटलम पेंटॉक्साइड भट्टीत अधिक शहाण्यासारखे वागते.

चुंबकीय थरासाठी सीरियम मिसळलेले यिग, अपवर्तनांक २.२ आणि वलन सेंटिमीटरला ४५०० अंश असे धरू. हा वलनाचा अंक उत्तम फिल्मचा आहे. काचेवर किंवा सिलिकॉनवर चढवलेल्या बहुस्फटिकी फिल्ममध्ये तो कमी भरतो, तेव्हा स्वतःच्या फिल्मचा अंक मोजून सगळे गणित पुन्हा करावे. हीच गोष्ट अपवर्तनांकांची. पुस्तकातला अंक हा दुसऱ्या कोणाच्या यंत्रातून निघालेल्या फिल्मचा असतो, म्हणून प्रत्येक पदार्थाचा एकेक सुटा थर चढवून एलिप्सोमीटरवर (परावर्तित प्रकाशाच्या ध्रुवणावरून अपवर्तनांक आणि जाडी काढणाऱ्या यंत्रावर) मोजून घेतल्याशिवाय बहुथरी रचनेला हात घालू नये.

गणितात वलन थेट वापरता येत नाही, त्याचे रूपांतर अपवर्तनांकाच्या फरकात करावे लागते. क्षेत्र थरांना लंब असेल, तर चुंबकीय पदार्थात डावीकडे आणि उजवीकडे फिरणारा वर्तुळी ध्रुवित प्रकाश वेगवेगळ्या वेगाने जातो. प्रति मीटर वलन रेडियनमध्ये मांडून त्याला तरंगलांबीने गुणावे आणि π ने भागावे, म्हणजे दोन अपवर्तनांकांतला फरक मिळतो. आपल्या बाबतीत तो सुमारे ०.००३९ आहे. म्हणजे एका फिरकीसाठी २.२०१९ आणि दुसरीसाठी २.१९८१. सगळा खेळ या तिसऱ्या दशांश स्थळावरच्या फरकाचा आहे, हे लक्षात ठेवावे.

एकवीस थरांचे उदाहरण

आरशाचा प्रत्येक थर पाव तरंगलांबीचा असतो. त्याची जाडी म्हणजे तरंगलांबी भागिले अपवर्तनांकाची चारपट. यावरून सिलिकाचा थर २६८ नॅनोमीटर आणि टँटलम पेंटॉक्साइडचा १८६ नॅनोमीटर येतो. या दोन अपवर्तनांकांमुळे साधारण १३९० ते १७५० नॅनोमीटरपर्यंत प्रकाशाला बंदी असलेला पट्टा तयार होतो. त्या पट्ट्याच्या मधोमध १५५० ला एक फट हवी असेल, तर दोन आरशांमध्ये अर्ध्या तरंगलांबीचा गार्नेटचा थर घालावा. तो ३५२ नॅनोमीटरचा भरतो. या थरालाच पोकळी म्हणतात, जरी तो भरीव असला तरी.

टँटलमच्या थराला 'ट', सिलिकाला 'सि' आणि गार्नेटला 'गा' म्हणू. हवेकडून सुरुवात करून ट-सि अशा पाच जोड्या, मग गा, मग सि-ट अशा पाच जोड्या, आणि शेवटी फ्यूज्ड सिलिकाचा आधार. एकूण एकवीस थर आणि जाडी ४.९ मायक्रॉन. गार्नेटच्या दोन्ही बाजूंना सिलिका येते याकडे लक्ष द्यावे. गार्नेटचा अपवर्तनांक टँटलमच्या जवळपास असल्याने त्याच्या एका बाजूला ट ठेवला, तर दोन्ही मिळून एकच जाड थर झाल्यासारखे होते आणि फट १५५० वर राहत नाही.

नुसत्या ३५२ नॅनोमीटर गार्नेटने प्रकाश ०.१६ अंश वळतो. या पोकळीत तोच थर सुमारे ५.५ अंश वळवतो आणि पदार्थात शोषण नसेल तर ९६ टक्के प्रकाश पलीकडे जातो. चौतीसपट वाढ, आणि तीही प्रकाश फारसा न गमावता.

संगणकाकडून मोजून घेणे

काटकोनात पडणाऱ्या प्रकाशासाठी गणित सोपे राहते, कारण दोन वर्तुळी फिरक्या एकमेकींत मिसळत नाहीत. प्रत्येक फिरकीसाठी दोन बाय दोनची वेगळी मॅट्रिक्स लिहावी. थरातून जाताना प्रकाशाची कला, म्हणजे फेज, जितकी बदलते तिचे कोसाइन कर्णावर येते. उरलेल्या दोन जागांपैकी वरच्या उजव्या जागी आय (उणे एकचे वर्गमूळ) गुणिले साइन भागिले अपवर्तनांक आणि खालच्या डाव्या जागी आय गुणिले साइन गुणिले अपवर्तनांक येतो. सगळ्या थरांच्या मॅट्रिक्स क्रमाने गुणल्या की संपूर्ण रचनेची एक मॅट्रिक्स मिळते आणि तिच्यातून पारगमनाचा संमिश्र गुणांक काढता येतो. दोन फिरक्यांच्या गुणांकांच्या कलांतला फरक निम्मा केला की वलन मिळते. त्यांच्या परिमाणांतल्या फरकावरून बाहेर पडणारा प्रकाश किती लंबवर्तुळी झाला तेही कळते. पायथनमध्ये हे पन्नास ओळींत बसते.

येथे एका खड्ड्याचा उल्लेख करतो, कारण मी स्वतः त्यात पडलो आहे. पदार्थातले शोषण दाखवण्यासाठी अपवर्तनांक संमिश्र घ्यावा लागतो. वर सांगितल्याप्रमाणे मॅट्रिक्समध्ये अधिक आय लिहिले असेल, तर अपवर्तनांकाचा काल्पनिक भाग ऋण घ्यावा लागतो. माझ्या पहिल्या प्रोग्रॅममध्ये मी तो धन घेतला आणि पारगमन १.३ आले. म्हणजे निर्जीव काच माझ्यासाठी प्रकाश निर्माण करू लागली होती. पूर्ण संध्याकाळ मी थरांच्या जाड्या तपासत बसलो होतो, आणि चूक एका चिन्हाची निघाली.

अशा चुका पकडायला चार चाचण्या पुरतात आणि त्या प्रत्येक बदलानंतर चालवाव्यात. शोषण शून्य ठेवले असता परावर्तन आणि पारगमन यांची बेरीज एक यायला हवी. चुंबकत्वाचे चिन्ह उलटले की वलनाचेही चिन्ह तेवढ्याच मापाने उलटायला हवे. गार्नेटच्याच अपवर्तनांकाच्या माध्यमात एकटा गार्नेटचा थर ठेवला, तर ०.१६ अंश हाच आकडा परत मिळायला हवा. आणि चुंबकत्व शून्य केले की वलन तंतोतंत शून्य यायला हवे. याशिवाय एक बारकावा असा, की संगणक कला उणे १८० ते अधिक १८० अंशांत गुंडाळून देतो, त्यामुळे आलेखात अचानक १८० अंशांची उडी दिसली तर ते भौतिकशास्त्र नसून गुंडाळण्याचा परिणाम असतो. दोन कलांची वजाबाकी करण्यापेक्षा एका गुणांकाला दुसऱ्याच्या संयुग्माने गुणून त्या गुणाकाराची कला काढली, तर हा त्रास बराच कमी होतो.

प्रकाश तिरपा पडत असेल किंवा क्षेत्र थरांच्या प्रतलात असेल, तर दोन बाय दोनचे गणित चालत नाही. तेथे चार बाय चारची मॅट्रिक्स लागते, जी भौतिकशास्त्रज्ञ बेरेमन यांनी १९७२ मध्ये मांडली. पहिल्या आराखड्यासाठी मात्र तिच्या वाटेला जाऊ नये.

जोड्या किती घ्याव्यात

आता आराखड्यातला खरा निर्णय. वरच्याच रचनेत दोन्ही बाजूंच्या जोड्या पाचाच्या सात केल्या, तर वलन २२ अंशांवर जाते आणि पारगमन ८३ टक्क्यांवर येते. आठ जोड्यांना वलन ४० अंशांच्या पुढे जाते पण पारगमन ५६ टक्के उरते. अकरा जोड्यांना वलन ८२ अंश, आणि पारगमन दोन टक्क्यांहूनही कमी! यात अजून शोषण धरलेलेच नाही, तरीही प्रकाश कुठे गेला?

त्याचे उत्तर दोन फिरक्यांच्या शिखरांत आहे. दोन अपवर्तनांक वेगळे असल्याने प्रत्येक फिरकीचे अनुनाद-शिखर किंचित वेगळ्या तरंगलांबीवर येते. जोड्या कमी असतात तेव्हा शिखरे रुंद असतात आणि ती एकमेकांवर जवळपास पूर्ण चढलेली असतात. जोड्या वाढवल्या की शिखरे टोकदार होतात आणि एका क्षणी त्यांच्यामध्ये दरी पडते. आपण उभे असतो त्या दरीच्या तळाशी. तेथे दोन कलांतला फरक मोठा आहे, म्हणून वलन मोठे दिसते, पण दोन्ही फिरक्या जवळपास संपूर्ण परतवल्या जात असतात. गणित सांगते की एका पोकळीच्या रचनेत मध्यावरचे पारगमन वलनकोनाच्या कोसाइनच्या वर्गाप्रमाणे घटते. ४५ अंशाला ते निम्मे होणारच. हे पदार्थाच्या गुणवत्तेवर अवलंबून नाही, त्यामुळे 'आणखी चांगले गार्नेट आणू' हा त्यावरचा उपाय नव्हे.

शोषणाचा हिशेब याच्या वरचा. गार्नेटमधले शोषण सेंटिमीटरला १२ धरले, तर पाच जोड्यांच्या रचनेला त्याची जाणीवही होत नाही, आठ जोड्यांच्या रचनेचे पारगमन मात्र ५६ वरून ५२ टक्क्यांवर येते. दृश्य प्रकाशात बिस्मथ मिसळलेले यिग वापरणाऱ्यांना हा फटका कितीतरी मोठा बसतो, कारण हिरव्या-निळ्या भागात गार्नेट फार शोषते. तेथे जोड्यांची संख्या शोषणच ठरवते.

दोन पोकळ्या जोडणे

एका पोकळीची मर्यादा ओलांडायचा मार्ग २००० साली स्टील, लेव्ही आणि ऑसगुड या संशोधकांनी दाखवला: एकाच्या जागी अनेक पोकळ्या. दूरसंचारात वापरल्या जाणाऱ्या सपाट माथ्याच्या फिल्टरमागची युक्तीच येथे चालते. नीट जोडलेल्या दोन पोकळ्यांचे पारगमन-शिखर टोकदार न राहता पठारासारखे होते, पण त्या पठारावर चालत असताना कला मात्र बदलत राहते. दोन्ही फिरक्यांना पठाराच्या दोन बाजूंना उभे केले, की दोघींचेही पारगमन भरपूर आणि कलांतला फरकही मोठा.

आकडे पाहण्यासारखे आहेत. वरच्या साच्यातली, दोन्ही बाजूंना सात जोड्या असलेली पोकळी दोनदा घेऊ आणि त्यांच्यामध्ये सिलिकाचा एक पाव-तरंगलांबीचा थर ठेवू. एकूण ५९ थर आणि १३.७ मायक्रॉन जाडी होते. शोषण नसेल तर या रचनेतून ४४ अंश वलन आणि ९७ टक्के पारगमन मिळते. वरचेच शोषण धरले तरी पारगमन ८५ टक्क्यांच्या आसपास राहते. तेवढेच वलन एका पोकळीतून ओढून काढले असते, तर निम्मा प्रकाश गेला असता.

मधला तो एक सिलिकाचा थर विसरू नये. पहिली पोकळी 'ट'ने संपते आणि दुसरी 'ट'ने सुरू होते. त्यांना थेट चिकटवले तर दोन पाव-तरंगलांबीचे 'ट' मिळून अर्ध्या तरंगलांबीचा एक थर होतो, म्हणजेच नकळत तिसरी, चुंबकत्व नसलेली पोकळी तयार होते आणि आलेखाचा चेहरामोहरा बदलतो. थरांची यादी प्रोग्रॅमला देण्यापूर्वी हातात पेन्सिल घेऊन एकदा कागदावर लिहून काढावी, असा माझा आग्रह यासाठीच असतो.

दुसरा मार्ग परावर्तनाचा आहे. मागचा आरसा जवळपास संपूर्ण परावर्तक केला, तर प्रकाशाला परत येण्याखेरीज वाट उरत नाही, आणि शोषण कमी असेल तर वलन वाढवूनही प्रकाश फारसा हरवत नाही. जेथे परावर्तित प्रकाश चालतो, तेथे ही रचना अधिक सोपी आणि कमी थरांची असते.

भट्टीशी वाटाघाटी

कागदावर ५९ थरांची रचना सुंदर आहे, पण प्रथमच हात घालणाऱ्याने ती करू नये. स्पटरिंगने चढवलेले गार्नेट अस्फटिकी असते आणि त्या अवस्थेत त्याचे वलन नगण्य असते. ते स्फटिकरूपात यावे म्हणून ६५० ते ८०० अंश सेल्सियसच्या दरम्यान तापवावे लागते. सीरियमच्या बाबतीत भट्टीतला ऑक्सिजनही कमी ठेवावा लागतो, कारण सीरियमची त्रिसंयुजी अवस्था टिकली तरच वलन टिकते. बिस्मथ यिगला हे पथ्य नाही, ते हवेत किंवा ऑक्सिजनमध्ये तापवतात.

एका पोकळीच्या रचनेत यातून सुटका आहे. आधी खालचा आरसा, मग गार्नेट, मग भट्टी, आणि वरचा आरसा त्यानंतर चढवायचा. त्यामुळे जवळपास अर्धे थर भट्टीपासून वाचतात. दोन पोकळ्यांच्या रचनेत मात्र मधला सगळा आरसा दुसऱ्या गार्नेटसोबत भट्टीत जातो आणि पहिले गार्नेट दोनदा भाजले जाते. शिवाय गार्नेट तापल्यावर अंशाला सुमारे दशलक्षांश १० भागाने प्रसरण पावते, सिलिका त्याच्या विसाव्या हिश्शाने. थंड होताना हा फरक ताणाच्या रूपाने थरांत अडकतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली वाळलेल्या तळ्याच्या तळासारखे तडे दिसतात. तापमान हळू उतरवणे आणि गार्नेटचा थर शक्य तितका पातळ ठेवणे, हेच यावरचे व्यवहार्य उपाय. ३५२ नॅनोमीटरची अर्ध्या तरंगलांबीची पोकळी निवडण्यामागे हेही एक कारण आहे. पोकळी दुप्पट जाड केली तर वलन वाढेल, पण तड्यांचा धोकाही वाढेल.

जाडीच्या अचूकतेचा हिशेब आधीच करून ठेवावा. सगळे थर एक टक्का जाड झाले तर फट १५ नॅनोमीटरने सरकते. फक्त गार्नेट एक टक्का जाड झाले तर ती पाचेक नॅनोमीटरच सरकते, कारण अनुनादातला प्रकाश पोकळीत जितका असतो त्याहून अधिक आरशांत शिरलेला असतो. पाच जोड्यांच्या एका पोकळीची फट सुमारे ९ नॅनोमीटर रुंद असते, त्यामुळे ती अशा चुका पोटात घालते. सात जोड्यांच्या पोकळीची फट केवळ २ नॅनोमीटरची. तशा दोन पोकळ्या जोडताना त्यांच्या गार्नेटच्या जाडीत एक तृतीयांश नॅनोमीटरचा फरक पडला, तरी दोन शिखरे अर्ध्या नॅनोमीटरने दूर जातात आणि पठार तिरके होते. एक तृतीयांश नॅनोमीटर म्हणजे गार्नेटच्या एका एकककोशिकेच्या (स्फटिकात पुन्हापुन्हा येणाऱ्या सर्वांत लहान ठोकळ्याच्या) बाजूपेक्षाही कमी! म्हणून चढवत असतानाच प्रकाशीय मापन करून थर थांबवण्याची सोय यंत्रात नसेल, तर पाच किंवा सहा जोड्या आणि एक पोकळी यावर थांबावे. कमी वलनाचा पण खरोखर चालणारा नमुना हातात असला, तर त्यावरून स्वतःच्या गार्नेटचे खरे अंक उलटे काढता येतात आणि पुढचा आराखडा त्यांच्यावर उभा राहतो.

मोजणी

तयार नमुना मोजण्यापूर्वी चुंबक तपासावा. यिगच्या पातळ फिल्मचे चुंबकत्व स्वभावतः प्रतलात पडून राहते. त्याला थरांना लंब उभे करायला ०.१८ टेस्लाच्या आसपास क्षेत्र लागते, जर फिल्ममधल्या ताणामुळे ते आधीच उभे राहत नसेल तर. निओडिमियमचे भोक असलेले चांगले चुंबक जवळून हे देऊ शकते, पण क्षेत्र हॉल प्रोबने नमुन्याच्या जागीच मोजावे, चुंबकाच्या वेष्टनावरच्या आकड्यावर विसंबू नये. क्षेत्र हळूहळू वाढवत वलनाचा आलेख काढला आणि तो सपाट झाला, म्हणजे संपृक्तता आली असे समजावे. गणितात धरलेला वलनाचा अंक संपृक्ततेचाच असतो.

पारगमनाचा वर्णपट आधी क्षेत्राशिवाय घ्यावा आणि फट नेमकी कुठे पडली ते पाहावे. ती १५५० ला नसून १५५४ ला असेल तर निराश होण्याचे कारण नाही. नमुना तिरका केला की फट लहान तरंगलांबीकडे सरकते. पाच अंशांना सुमारे २ नॅनोमीटर आणि सात अंशांना सुमारे ४. मात्र तिरप्या कोनात आपतन प्रतलाला समांतर आणि लंब ध्रुवणांसाठी आरसे सारखे राहत नाहीत, म्हणून दहा अंशांच्या पुढे हा उपाय ओढू नये. फट १५४६ ला पडली असेल तर तिरके करून ती परत आणता येत नाही, तेव्हा लेझरची तरंगलांबीच बदलावी लागते. या एकाच कारणासाठी काही जण जाणूनबुजून थर अर्धा टक्का जाड धरून आराखडा करतात, आणि ते मला योग्य वाटते.

वलन मोजताना ॲनलायझर, म्हणजे नमुन्यानंतरचा दुसरा पोलरायझर, पहिल्या पोलरायझरशी ४५ अंशांवर ठेवावा, कारण तेथे लहानशा वलनानेही तीव्रतेत सर्वाधिक फरक पडतो. प्रत्येक तरंगलांबीला क्षेत्र एका दिशेने ठेवून एक वाचन आणि उलट दिशेने ठेवून दुसरे वाचन घ्यावे, आणि दोन्ही वलनांच्या फरकाचा अर्धा भाग हेच फॅरडे वलन मानावे. भट्टीतल्या ताणामुळे आलेले द्विअपवर्तन (दोन ध्रुवणांना वेगळा अपवर्तनांक मिळणे) आणि बैठकीतला तिरपेपणा क्षेत्र उलटल्याने बदलत नाही, म्हणून तो या वजाबाकीत निघून जातो. वजाबाकीऐवजी दोन्ही वाचनांची सरासरी काढली, तर नेमका हा नको असलेला भाग हाती येतो. तो एक अंशाहून मोठा दिसला, तर पुढच्या नमुन्यात भट्टी उतरवण्याचा वेग आणखी कमी करावा.